पोशिंदाच जेव्हा काळ होतो

‘तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत कधी ना कधी पाठ केलेले असते. शेजारी लांबट शेंगेसारखी, आत नागमोडी घड्या असलेली आकृती काढायची, बाण करून नावे द्यायची आणि दोन गुण पदरात पाडून घ्यायचे. वाक्य चुकीचे नाही. पण १९९६ सालापासून ते अपुरे ठरले आहे, आणि ज्या प्रयोगाने ते अपुरे ठरवले तो मुळात तंतुकणिकांवर बेतलेलाच नव्हता.

अटलांटा येथील एमरी विद्यापीठात शाओडोंग वांग हे तरुण जैवरसायनशास्त्रज्ञ पेशी मरतात कशा याचा शोध घेत होते. मरणाचा आदेश मिळाला की पेशीतली कॅस्पेज नावाची विकरे जागी होतात आणि कात्रीसारखी प्रथिने कापत सुटतात, एवढे तोपर्यंत ठाऊक झाले होते. पण ही कात्री उघडतो कोण? वांग यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी फोडून त्यांचा रस काढला, त्यातले घटक वेगळे केले आणि कोणता घटक काढल्यावर कात्री मिटलेली राहते, कोणता परत घातल्यावर उघडते हे तपासत गेले. चिकाटीचे आणि बरेचसे रटाळ काम. त्यातून हाती आलेला एक घटक निघाला सायटोक्रोम-सी.

जैवरसायनाच्या विद्यार्थ्याला हे नाव ओळखीचे असते. केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी कीटकांच्या पंखांचे स्नायू वर्णपटदर्शकातून न्याहाळताना १९२५ साली सायटोक्रोमचा माग काढला होता. सायटोक्रोम-सी हा तंतुकणिकांच्या आतला हमाल आहे. श्वसनाच्या साखळीत एका टोकाकडून आलेले इलेक्ट्रॉन पुढच्या टोकाला पोचवायचे, एवढेच त्याचे काम. तो मरणाच्या कारभारात काय करत होता? साहजिक शंका अशी की पेशी फोडताना तंतुकणिकाही फुटल्या आणि आतला माल बाहेर सांडला. तसेच झाले होते. वांग यांच्या गटाने मग पेशी फोडण्याच्या द्रावणात साखर घातली. साखरेमुळे तंतुकणिका फुटत नाहीत, अख्ख्या राहतात. अशा रसात कात्री नीट उघडेना. वरून सायटोक्रोम-सी टाकले की उघडायची. पेशीला मरणाची चाहूल देणारी गोष्ट हीच होती: आत असायला हवे ते प्रथिन बाहेर आले.

पुष्कळांना हे सुरुवातीला पटले नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. जो हमाल जन्मभर घरात धान्य आणून टाकतो, तोच उंबरठा ओलांडून बाहेर आला की घर पाडायचे, ही व्यवस्था विचित्रच वाटते. पण पुढच्या वर्षांत एकेक कडी जुळत गेली. तंतुकणिकेला दोन पटले असतात. मरणाचा निर्णय झाला की बॅक्स आणि बॅक नावाची प्रथिने बाहेरच्या पटलाला भोके पाडतात, सायटोक्रोम-सी बाहेर पडते, दुसऱ्या एका प्रथिनाशी जुळून सात आऱ्यांच्या चाकासारखी रचना तयार होते आणि त्या चाकावर कात्री उघडते. तिथून परतीची वाट जवळपास बंद.

या मरणाला १९७२ साली नाव मिळाले. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन येथे जॉन कर, अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टर करी यांनी पाहिले की काही पेशी अपघाताने मरतात तशा फुगून फुटत नाहीत; त्या आक्रसतात, त्यांचे नीट बांधलेले तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. ना पू, ना सूज. त्याच विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी त्यांना ‘अपॉप्टॉसिस’ हा शब्द सुचवला. झाडावरून पाने गळणे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे परिभाषेत ‘नियोजित पेशीमृत्यू’ म्हणतात; मला ‘पानगळ’ हा शब्द जास्त नेमका वाटतो. आईच्या पोटात आपला हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो, मधल्या पेशींची पानगळ होते तेव्हा पाच बोटे सुटी होतात. एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीत वाढीच्या काळात १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात, प्रत्येक वेळी त्याच. या हिशेबातून जी जनुके सापडली त्यांसाठी सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चे नोबेल मिळाले.

मरण नीट झाले नाही तर काय होते, याचे उत्तर कर्करोग देतो. एका प्रकारच्या लसिकाग्रंथींच्या कर्करोगात बीसीएल-२ हे जनुक आपली जागा सोडून भलत्याच ठिकाणी जाऊन बसते आणि अतोनात काम करू लागते. हे जनुक पेशींची वाढ वेगाने करत असणार, असाच समज होता. १९८८ मध्ये मेलबर्न येथे डेव्हिड व्हॉ, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवले की त्या पेशी झपाट्याने वाढत नाहीत. त्या मरायचे नाकारतात. बीसीएल-२ चे प्रथिन तंतुकणिकेच्या दारावर पहारा देते आणि सायटोक्रोम-सी ला बाहेर पडू देत नाही. हा पहारेकरी हटवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ पासून रक्ताच्या कर्करोगावर वापरात आहे. शाळेतल्या त्या शेंगेच्या आकृतीचा आज रुग्णाच्या खाटेपर्यंत असा संबंध पोचतो.

*

पण ऊर्जा देणाऱ्याच्याच हाती मरणाची किल्ली का असावी? त्यासाठी तंतुकणिकेचे कूळ पाहावे लागते. १९६७ साली लिन मार्गुलिस यांनी मांडले की तंतुकणिका म्हणजे कोणे एके काळी स्वतंत्र जगणारे जिवाणू. दुसऱ्या एका पेशीने त्यांना पोटात घेतले आणि ते तिथेच राहिले. हा निबंध छापून येण्याआधी पंधराएक नियतकालिकांनी साभार परत पाठवला होता, असे मार्गुलिस सांगत. आज तो पाठ्यपुस्तकात आहे. पुरावा तंतुकणिकेच्या आतच पडून होता: तिचा स्वतःचा डीएनए. माणसातला हा डीएनए जिवाणूंसारखाच गोल, अवघ्या १६,५६९ अक्षरांचा. त्यात फक्त ३७ जनुके उरली आहेत आणि त्यांतली १३ प्रथिनांची. बाकीची केंद्रकात गेली किंवा नाहीशी झाली. तो आपल्याला मिळतो केवळ आईकडून. शुक्रजंतूच्या तंतुकणिका बीजांडात शिरल्यावर नष्ट केल्या जातात.

दीड अब्जाहून अधिक वर्षे एका घरात काढूनही हा पाहुणा पुरता घरचा झालेला नाही. २०१० साली बोस्टनच्या एका गटाने दाखवले की मोठ्या अपघातात पेशी फुटल्या आणि तंतुकणिकांचा डीएनए रक्तात आला की शरीराची संरक्षणयंत्रणा त्याला जिवाणू समजून पेटून उठते. जखमेत जंतू नसतानाही रुग्णाला जंतुसंसर्गासारखा ताप का चढतो, याचा एक उलगडा त्यातून झाला. वयाबरोबर शरीरात जी मंद, धुमसती सूज राहू लागते तिच्यामागेही झिजलेल्या तंतुकणिकांतून गळणारा हा डीएनए असावा, असे मानण्याजोगे पुरावे जमत आहेत.

त्याचे मूळ काम मात्र चालूच असते, आणि तेही थक्क करणारे आहे. पेशीचे चलन म्हणजे एटीपी. तो १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि स्वतंत्रपणे हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना सापडला. हे सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. हा चलनी पैसा आपण इतक्या वेगाने खर्चतो आणि पुन्हा पाडतो की दिवसभराची उलाढाल साधारण आपल्या वजनाइतकी होते. टाकसाळ कशी चालते हे पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये सांगितले आणि त्यांनाही बरीच वर्षे कुणी मानले नाही. नोबेल आले १९७८ साली. कोयनेच्या धरणात पाणी अडवतात तसे तंतुकणिकेच्या आतल्या पटलाबाहेर प्रोटॉन साठवले जातात. ते परत आत येताना एक सूक्ष्म चक्र फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी बनतो. पटलाच्या दोन बाजूंतला विद्युतदाब सुमारे १५० मिलिव्होल्ट. आकडा किरकोळ वाटतो. पण पटल इतके पातळ आहे की दर मीटरला तो तीन कोटी व्होल्टच्या घरात जातो. हवेत ठिणगी पडायला लागतो त्याच्या दहापट. एवढ्या ताणाखालचे धरण कुठे ना कुठे पाझरणारच. म्हातारपणाचा सिद्धांत या पाझरातूनच निघाला.

*

डेनम हारमन हे आधी शेल तेल कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते, मग डॉक्टर झाले. मुक्त मूलक, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारे आणि दिसेल त्याच्याशी झोंबणारे रेणू, हा त्यांच्या तेलाच्या धंद्यातला विषय. १९५६ मध्ये त्यांनी मांडले की श्वसनात असे मूलक तयार होतात, पेशीचे सगळे भाग हळूहळू पोळतात आणि यालाच आपण म्हातारपण म्हणतो. १९७२ मध्ये त्यांनी बोट थेट तंतुकणिकेवर ठेवले: पाझर तिथला, जाळ तिथे, आणि जवळच उघडा पडलेला तिचा डीएनए. लोखंड गंजते तसे शरीर गंजते. कल्पना सुबक होती, आणि तिच्यात उपायही होता. गंजरोधक द्या.

गंजरोधकांची, म्हणजे अँटिऑक्सिडंटांची, बाजारपेठ या कल्पनेवर उभी राहिली आणि ती अजून उभी आहे. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानात कधीही डोकावा. प्रश्न एवढाच की माणसांवर तपासल्यावर काय झाले. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपानकर्त्यांना पाच ते आठ वर्षे बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा नुसती बिनऔषधी गोळी देण्यात आली. १९९४ साली निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली अशीच एक चाचणी, तीत अठरा हजारांवर माणसे होती, १९९६ च्या जानेवारीत मुदतीआधी थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्क्यांची होती. गाजरात आहे ते वाईट, असा याचा अर्थ नाही. शरीराच्या हिशेबात मधूनच एक मोठी रक्कम घुसवली की काय होते, याचा तो दाखला आहे.

मग प्राणीही हारमन यांच्या विरोधात साक्ष देऊ लागले. पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली राहणारा नागडा मोल रॅट उंदराएवढाच असतो आणि तीस वर्षांहून जास्त जगतो, पण त्याच्या पेशी तरुणपणापासूनच ‘गंजलेल्या’ असतात. मॉन्ट्रियलमधील मॅकगिल विद्यापीठात सीगफ्रीड हेकिमी यांना तर असे कृमी मिळाले की ज्यांच्या तंतुकणिकांतून मूलक जास्त पाझरतात आणि जे नेहमीपेक्षा जास्त जगतात. त्यांना गंजरोधक दिला तर हे वाढीव आयुष्य निघून गेले. साध्या कृमींना पॅराक्वाटचा अगदी सौम्य डोस दिला तर तेही जास्त जगले. पॅराक्वाट म्हणजे शेतात मारतात ते तणनाशक, जे मूलक निर्माण करते म्हणूनच घातक ठरते. जर्मनीत येना येथे २००९ मध्ये मिखाएल रिस्टो यांच्या गटाने तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना सोबत सी आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. व्यायामाने इन्सुलिनची कामगिरी सुधारली ती गोळ्या न घेणाऱ्यांची; गोळीवाल्यांच्या पदरात फारसे पडले नाही. थोडेसे मूलक हे पेशीला ‘सावध हो, डागडुजी कर’ असा निरोप देत असतात, आणि गोळी तो निरोपच पुसून टाकते.

हारमन स्वतः ९८ वर्षे जगले. त्याने कुठल्याच बाजूचे काही सिद्ध होत नाही, पण आकडा लक्षात राहतो.

*

गंज नाही, तर तंतुकणिकेचा आणि म्हातारपणाचा संबंधच नाही का? आहे, आणि तो २००४ साली स्वीडनमधल्या उंदरांनी दाखवला. कॅरोलिन्स्का संस्थेत असे उंदीर घडवले गेले की त्यांच्या तंतुकणिकांचा डीएनए नकलताना मुद्रितशोधन होत नाही. चुका साचत जातात. साधारण २५ आठवड्यांचे झाले की या उंदरांचे केस गळू लागतात, पाठीला बाक येतो, हाडे विरळ होतात, रक्त कमी होते, हृदय वाढते. प्रयोगशाळेतला साधा उंदीर दोन वर्षांवर जगतो. यांतले निम्मे ४८ आठवड्यांच्या आसपास संपतात. पुढच्या वर्षी अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या गटाने तसेच उंदीर तपासले. त्यांच्यात मूलकांची होरपळ वाढलेली दिसली नाही. वाढली होती ती पानगळ: ज्या ऊतींत पेशींची उलाढाल जास्त, तिथे कात्री उघडलेल्या पेशी जास्त.

इथे म्हातारपण आणि पेशीमृत्यू हे दोन धागे एकत्र येतात. बिघडलेली तंतुकणिका पेशीला जाळते कमी आणि तिला मरणाच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवते जास्त. त्वचेची किंवा आतड्याची पेशी गेली तर दुसरी येते, जोवर ती पुरवणाऱ्या मूळ पेशी शाबूत आहेत तोवर. मेंदूत आणि हृदयात ही सोय जवळजवळ नाही. तिथे गेली ती गेली.

अर्थात या उंदरांवरून घाईने माणसांकडे येऊ नये. एकच प्रत बिघडलेल्या उंदरांत चुकांचा साठा नेहमीच्या कित्येक शे पट असूनही ते बऱ्यापैकी पूर्ण आयुष्य जगतात, असे २००७ मध्ये दिसले. मग माणसात, जिथे चुका त्यापेक्षा कितीतरी कमी, त्यांना महत्त्व काय? उत्तराचा एक भाग असा की सरासरी फसवते. एका पेशीत तंतुकणिकांच्या डीएनएच्या शेकडो ते हजारो प्रती असतात. त्यांतली एक बिघडलेली प्रत वर्षानुवर्षे वाढत वाढत त्या एकाच पेशीत बहुमतात येऊ शकते, आणि प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेले की पेशीचे श्वसन कोलमडते. शेजारची पेशी ठणठणीत. २००६ मध्ये दोन स्वतंत्र गटांना वृद्धांच्या मेंदूतल्या कृष्णद्रव्यात नेमके हेच सापडले. पार्किन्सनमध्ये मरतात त्या याच भागातल्या पेशी.

आणि इथेच साफसफाईचा प्रश्न येतो. निरोगी तंतुकणिका पिंक-१ नावाचे प्रथिन सतत आत ओढून नष्ट करते. आत ओढायला वर सांगितलेला विद्युतदाब लागतो. दाब पडला की पिंक-१ बाहेरच्या पटलावर साचते, पार्किन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला बोलावते, ते तंतुकणिकेवर ‘मोडीत काढा’ अशा चिठ्ठ्या डकवते आणि पेशी तिला गिळून भंगारात घालते. वायरमनने टेस्टर लावून पाहावे, दिवा लागला नाही तर फ्यूज बदलावा, तसा हा कारभार. पार्किनचे जनुक १९९८ मध्ये जपानमध्ये सापडले, तरुण वयातच पार्किन्सन होणाऱ्या कुटुंबांत. ते करते काय, हे अमेरिकेत रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवले. भंगार उचलणारी ही सगळी व्यवस्था वयाबरोबर मंदावते. माझ्या मते गंजाच्या सिद्धांताची जागा घेण्याच्या सर्वांत जवळ आज हीच कल्पना आहे: तंतुकणिका बिघडतात हे अटळच, पण बिघडलेली वेळेवर न उचलणे हे म्हातारपण.

मरण अडवून पाहावे का, असाही प्रयत्न झाला. हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली की परतलेल्या रक्तानेच काही पेशी मरतात. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात एक छिद्र उघडते आणि धरण फुटते. सायक्लोस्पोरिन हे औषध ते छिद्र मिटलेले ठेवते. फ्रान्समध्ये २००८ साली ५८ रुग्णांवरच्या छोट्या चाचणीत आशा वाटली. २०१५ मध्ये ९७० रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत काहीही फायदा दिसला नाही. बंद धमनी लवकरात लवकर उघडणे, याला अजून पर्याय नाही.

साफसफाईला चालना देणाऱ्या गोळ्याही येत आहेत. डाळिंबातल्या द्रव्यांपासून आतड्यातले काही जिवाणू युरोलिथिन-ए बनवतात, आणि ते झिजलेल्या तंतुकणिका मोडीत काढायला मदत करते असे प्राण्यांत दिसले. हे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात, त्यामुळे सांगोल्याचे तेच डाळिंब दोघांनी खाल्ले तरी एकाला ते मिळते, दुसऱ्याला नाही. गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या पैशातून २०२२ मध्ये ज्येष्ठांवर झालेल्या चाचणीत स्नायूंचा दम थोडा वाढला. पण सहा मिनिटांत किती अंतर चालता येते या मुख्य कसोटीवर ती बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाही. दुकानात ती यायची तेव्हा येईलच, आणि डब्यावर कोणते वाक्य छापतील याचा अंदाज करता येतो.

मुद्रितशोधन हरवलेल्या त्या उंदरांपैकी काहींना कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात पाच महिने, आठवड्यातून तीनदा पळवले गेले. २०११ चा निकाल असा की त्यांचे केस टिकले, हृदय आणि स्नायू टिकले, अकाली मरणही टळले, जनुकातली खोट तशीच असताना. माणसांत याच्या जवळ जाणारी गोष्ट मेयो क्लिनिकमध्ये के. श्रीकुमारन नायर यांच्या गटाने २०१७ मध्ये मोजली. बारा आठवडे सायकलवर थांबून थांबून जोराचा व्यायाम केल्यावर मांडीच्या स्नायूतील तंतुकणिकांची श्वसनक्षमता तरुणांत ४९ टक्क्यांनी वाढली आणि ६५ ते ८० वयाच्या मंडळींत ६९ टक्क्यांनी. हे मोजता आले, कारण मांडीतून सुईने चिमूटभर स्नायू काढून घेता येतो. मेंदूतल्या कृष्णद्रव्याचे तसे नाही. तिथल्या पेशींत काय चालले होते, हे अजून तरी माणूस गेल्यावरच पाहतात.